आप्पांनी आणलेले केस

टकलावर हसणाऱ्या माणसांच्या डोक्यावर बहुतेक वेळा भरगच्च केस असतात. हे मी रागानं लिहितोय. राग येऊ नये असं माझ्या बाबतीत काही झालेलं नाही. तिशी ओलांडायच्या आत माझं डोकं पुढून आणि मधून मोकळं झालं, मागं आणि कानांवर तेवढी झालर उरली. कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करतो. तिथं लाइनवर बिहारकडची पोरं आहेत, माझ्याहून फार लहान नाहीत. ती मला म्हणायची, "अंकलजी, जरा साइड." सुरक्षा सप्ताहाचा ग्रुप फोटो निघाला, तर फ्लॅशचा उजेड नेमका माझ्या डोक्यावर. कुणीतरी भोवती लाल गोल काढून 'नवीन एलईडी बसवला' असं लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. मीही हसण्याचा इमोजी टाकला. काय करणार? चिडलो असतो तर आणखी चिडवलं असतं. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

बायको म्हणाली, "मला काहीच फरक पडत नाही." तिला नव्हता पडत, कबूल. पण रोज सकाळी आरशापुढं उभं राहायचं होतं मला, तिला नव्हे.

आणि आप्पांना फरक पडत होता. आप्पा म्हणजे माझे वडील. केंदूरला आमची शेती, कांदा आणि बाजरी. आई-आप्पा तिथं राहायचे, आणि मी बायको-पोरीला घेऊन कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत. दर रविवारी गावाकडं चक्कर. आप्पांचे स्वतःचे केस साठी उलटली तरी जाड आणि दाट, कंगव्याचे दात मोडायचे. आमच्या घराण्यात टक्कल एकट्या नानांना. नाना म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांचं डोकं लग्नाआधीच साफ झालेलं. माझ्याकडं बघून आप्पा म्हणायचे, "तू नानावर गेलास. पर नानाचा बाप लवकर गेला, त्याच्याकडं बघाया कोण न्हवतं. तुला बाप हाय की!" बाप जिवंत असला की पोराला टक्कल पडत नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब होता.

मग त्यांनी तेल करायला घेतलं. पाटाच्या कडेचा माका, परसातली जास्वंद, कढीपत्ता, कांद्याचं बी, सगळं लोखंडी कढईत खोबरेलामध्ये मंद आचेवर. कृती आप्पांची, पण माका उपटून आणायचा, धुवायचा, ठेचायचा, तेल ढवळायचं, फडक्यातून गाळायचं, बाटल्या भरायच्या, हे सगळं आईचं काम. नाव मात्र 'आप्पांचं तेल'. आपल्याकडं असंच चालतं. रविवारी मी गेलो की आप्पा ओट्यावर बसायचे, मला खालच्या पायरीवर बसवायचे, डोकं गुडघ्यांत धरायचे आणि तेल चोळायचे. जन्मभर खुरपं-टिकाव धरून त्यांच्या तळहाताची कातडी अशी झालेली, की डोक्यावर कुणी चप्पल घासतंय असं वाटायचं.

"आप्पा, हळू की!"

"मुळं झोपल्यात तुझी. उठवायची तर हालवाया नगं?"

येणारे-जाणारे थांबून बघायचे. एका पोरीचा बाप असलेला माणूस आपल्या बापाच्या गुडघ्यांत डोकं देऊन बसलाय! मला लाज वाटायची, पण उठून जावंसं कधी वाटलं नाही. एरवी आमचं बोलणं म्हणजे 'मोटर चालू केली का' आणि 'लाइट कवा येणार' एवढंच. तेल चोळताना मात्र आप्पा बोलायचे. आजोबा कसे गेले, नानांना आपण खांद्यावर बसवून शाळेत कसं सोडलं, पहिल्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा आई कशी नाचली. आईचं ते नाचणं मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ष उलटलं. डोक्यावर काही उगवलं नाही. उगवणार होतं डोंबल!

हडपसरच्या एका क्लिनिकमध्ये मी केस लावून घ्यायची चौकशी करायला गेलो. डॉक्टरांनी मागचे केस भिंगातून बघितले आणि म्हणाले, इथून उपटून पुढं लावावेत एवढे नाहीत. म्हणजे झालरही कामाची नाही! मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी दुसरा उपाय सांगितला. स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन. बारीक सुयांनी डोक्याच्या कातडीत शाईचे ठिपके द्यायचे, केसाच्या मुळाएवढे बारीक, हजारोंनी. जे केस उरलेत ते मशिननं झिरो ठेवायचे. बघणाऱ्याला वाटतं, याचे केस दाट आहेत, यानं हौसेनं बारीक कापलेत. "यानं केस येत नाहीत," डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते, "हा फक्त देखावा आहे. नीट विचार करा." मी म्हटलं, साहेब, मला देखावाच पाहिजे.

मास्क लावलेली एक मुलगी माझ्या डोक्यावर वाकून तासन्‌तास ठिपके देत बसायची. कपाळाच्या वरच्या बाजूला असं दुखायचं की डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. "सर, थांबू का?" ती विचारायची. मी म्हणायचो, "नको, उरका." असं मधे दिवस सोडून काही वेळा जावं लागलं. प्रत्येक वेळी डोकं लाल व्हायचं, मग बारीक खपल्या धरायच्या. पाणी नको, घाम नको, ऊन नको, आणि तेल तर अजिबात नको. तेल नको म्हणजे केंदूरला जाणंच नको. गावाकडं ओव्हरटाइम आहे म्हणून कळवलं, रजा टाकली आणि यवतला सासुरवाडीत जाऊन बसलो. घरातसुद्धा टोपी न काढणारा जावई बघून सासूबाईंनी बायकोला हळूच विचारलं, "नवस-बिवस बोललाय का काय?" बायको म्हणाली, "व्हय." झालं, विषय संपला.

खपल्या गेल्या. पहिल्यांदा आरशात नीट पाहिलं तेव्हा मी रडलो. खोटं कशाला बोलू? कपाळाची रेघ पुन्हा जागेवर आली होती, माझा चेहरा मला परत मिळाला होता. कारखान्यात गेलो तर लाइनवरचं पोरगं बघतच राहिलं आणि म्हणालं, "क्या बात है भैया!" अंकलजीचा भैया झालो. नुसत्या शाईवर!

पुढच्या रविवारी केंदूरला निघालो ते आई-आप्पांना सगळं सांगायचं ठरवूनच. गाडीवर येताना वाक्यं जुळवत होतो. आप्पा ओट्यावर कांद्याच्या गोण्या शिवत बसले होते. मी हेल्मेट काढलं. आप्पांनी सुतळी टाकली आणि उठून जवळ आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही ते माणसाच्या तोंडाशी येऊन बघायचे, तसं माझं डोकं बघितलं. मग एकदम ओरडले, "आलं! आगं ए, भायेर ये! आलं बघ, आलं!"

आई पिठाचे हात घेऊन धावत आली. आप्पांनी माझ्या डोक्यावरून तळहात फिरवला. वर तर गुळगुळीत कातडी होती. पण त्यांचा हात कानाकडं घसरला आणि झालरीचे खुंट त्यांच्या तळव्याला लागले. "टोचत्यात की!" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. आजोबांच्या गोष्टी सांगतानासुद्धा कधी भरले नव्हते.

"आप्पा, ते काय झालं—"

"गप! बोलू नगं. दिष्ट लागंल."

एवढं बोलून ते चपला न घालता नानांच्या घराकडं सुटले. सांगा, मी काय करायला हवं होतं? मागं पळत जाऊन रस्त्यात त्यांना धरून सांगायचं होतं, की आप्पा, तुमचं तेल वाया गेलं?

मग जे व्हायचं ते झालं. आप्पांच्या तेलाची कीर्ती पसरली. पाबळहून, शिक्रापूरहून, पार दौंडकडून माणसं यायला लागली. टोप्या काढून ओट्यावर बसायची. आप्पा एक रुपया घ्यायचे नाहीत, "बाटली तेवढी तुमची आणा" म्हणायचे. रविवारी मी असलो की मला हाक. "ये हिकडं. वाक जरा. बघा, पोरगं माझं. हे आसं व्हतं, तळहातावानी!" मी वाकायचो. माणसं बघायची. कुणी हात लावायला आलं तर आप्पा त्याला अडवायचे, "नजरंनं बघा, हात नगं." तेवढ्यानंच मी निभावलो. तेल चोळणं चालूच होतं; आप्पांच्या जाड तळव्याला वरची गुळगुळीत कातडी कळायची नाही, कडेचे खुंट तेवढे लागायचे. तेलानं डोकं चमकायचं आणि चमकलं की शाई उघडी पडते, म्हणून सोमवारी पहाटे साबणानं घासून धुवायचं आणि मग कामावर जायचं. "वाढव की आता जरा," आप्पा मागं लागायचे. मी म्हणायचो, "हेल्मेटमध्ये घाम येतो आप्पा, कंपनीत बारीकच ठेवायला सांगतात." झिरोची मशीन मी स्वतःच खोलीवर फिरवायचो, म्हणजे गावातल्या सलूनमध्ये जायची वेळ येत नव्हती.

आप्पांच्या तेलाचे सगळ्यात पक्के भक्त होते नाना. रविवारी माझं डोकं, सोमवारी नानांचं. साठीला टेकलेला माणूस मोठ्या भावाच्या गुडघ्यांत डोकं घालून डोळे मिटून बसायचा. मी भेटलो की नाना मान वाकवून दाखवायचे, "हितं बघ, लव आलीय का?" लव कसली, तेलाचा थर होता तो. मी म्हणायचो, "व्हय नाना, दिसतंय काहीतरी." बायको माझ्याकडं बघून तोंड फिरवायची. घरी आल्यावर म्हणायची, "कवा सांगणार तुम्ही?" मी म्हणायचो, सांगू. आप्पा आनंदात होते हो! पोराच्या डोक्यावर आपण केस आणले, याचा आनंद त्यांना कांद्याला भाव आल्यावर झाला नव्हता तेवढा झाला होता. तो काढून घ्यायचं मला धाडस होत नव्हतं.

आप्पा अचानक गेले. सकाळी रानात गेले, बांधावर बसले, छातीत दुखतंय म्हणाले. नाना त्यांना गाडीत घालून शिरूरला घेऊन निघाले, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी गेजनं एक पार्ट मोजत होतो. तो पार्ट हातात धरूनच मी गेटपर्यंत आलो.

दहाव्याला आमच्याकडं निम्मा तालुका लोटतो. नदीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, स्पीकर, प्रवचनाला महाराज, श्रद्धांजलीला पुढारी. त्याआधी सकाळी भाऊबंदांची डोकी करायची. मी एकुलता एक, क्रियेला बसलेला, म्हणून पहिलं डोकं माझं. एवढ्या दिवसांच्या सुतकात माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नव्हता, हे कुणाला पटणार नाही, पण खरं आहे. न्हाव्यानं पाण्याचा हात फिरवला, वस्तरा डोक्याला लागला आणि तेव्हा कुठं मला आठवलं, की शाई वस्तऱ्यानं निघत नाही.

मिशी गेली, झालर गेली. मग नानांचं डोकं झालं, चुलतभावांची झाली. सगळे अंघोळीला उठून उभे राहिले. उन्हात सगळ्यांची डोकी पांढरी स्वच्छ आणि माझं काळसर निळं.

"ए, ह्याचं केस ऱ्हायल्यात की," एक चुलतभाऊ म्हणाला.

न्हावी दुखावला. "कुठं ऱ्हायल्यात? म्या साफ केलंय." त्यानं जवळून बघितलं, त्यालाही काळंच दिसलं. त्यानं मला पुन्हा बसवलं आणि जोर लावून वस्तरा ओढला. आग झाली. काळं तसंच.

बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्यांच्यातून माझी बायको अर्धी उठली. मी मान हलवून तिला नको म्हटलं. ती खाली बसली, पण तिनं पदराचा बोळा तोंडात धरलेला मला दिसला. तिकडं स्पीकरवर सूत्रसंचालन करणारे गुरुजी वेळ भरून काढत होते, "आप्पांनी आयुष्यात कुणाकडून काही घेतलं नाही. उलट पंचक्रोशीतल्या कितीतरी डोक्यांवर त्यांनी केस आणले. त्याचा जिवंत पुरावा म्हणजे त्यांचे चिरंजीव." खुर्च्यांवरच्या माणसांनी माना डोलवल्या. त्यांतले निम्मे माझ्या ओळखीचे होते. आमच्या ओट्यावर टोप्या काढून बसलेले. प्रत्येकाच्या घरी एकेक बाटली होती. मी तिथं तोंड उघडलं असतं तर? बाप जाऊन दहा दिवस झालेत आणि त्याच्याच मांडवात तो हसण्याचा विषय झाला असता. 'आप्पांचं तेल' म्हणून पुढची वीस वर्षं टाळ्या पिटल्या असत्या लोकांनी.

अंघोळ झाली, पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण एकही खाली येईना. सगळे हात जोडून उभे. नाना म्हणाले, "आप्पा, वैनीला अंतर देणार न्हाई." कावळा हलला नाही. मी म्हटलं, "आप्पा, रान पड ठेवणार नाही." तरी नाही. पोरीचं शिक्षण, मोटरीचं बिल, सगळं बोलून झालं. ऊन चढायला लागलं. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, अगदी साध्या सुरात, "आरं, क्रियेला बसल्याल्याचंच केस निघाल्यालं न्हाईत. कसा शिवंल कावळा?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. नाना माझं डोकं निरखून बघायला लागले. "व्हय की," ते म्हणाले. "लेका, राखलंस व्हय केस?"

"नाही नाना."

"मग हे काय?"

बायकांमधून आई उठली. दोघींनी धरलं तरी ती चालत माझ्यापर्यंत आली. आप्पा गेल्यापासून ती फारशी बोललीच नव्हती. माझ्यापुढं येऊन तिनं हात जोडले. स्वतःच्या पोरापुढं हात!

"बाळा, काढ की रं समदं. त्यांनीच आणल्यात ते. चोळून चोळून आणल्यात. त्यांचं त्यांना दे. आसं राखून नगं ठिवू."

मी जगात काय वाटेल ते दिलं असतं तिला तेव्हा. पण जे नव्हतेच ते केस कुठून देणार होतो? मी न्हाव्याच्या पुढं जाऊन बसलो आणि म्हणालो, "ओढ." तो घाबरला, "दादा, कातडी निघंल." "ओढ म्हटलं ना!" मी ओरडलो. त्यानं ओढला. मधोमध रक्त आलं आणि ओघळून भुवईवर उतरलं.

"थांब, थांब!" आई खाली बसली. तिनं पदरानं रक्त टिपलं. खाली काळं होतंच. लहानपणी तोंडावर लागलेलं काजळ पुसायची तसा तिनं अंगठा ओला केला आणि माझ्या डोक्यावर घासला. घासला आणि अंगठा बघितला. पुन्हा घासला. मग तिचा हात थांबला. तिच्या स्वतःच्या कपाळावर आणि हातावर लहानपणचं गोंदण आहे, जन्मभर धुऊन न गेलेलं. कातडीच्या आतली शाई काय असते हे तिला मी सांगायची गरज नव्हती. ती माझ्याकडं बघत राहिली. मी खाली बघितलं.

मग ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "निघालं. समदं निघालं. आता एक बी न्हाई. सोडा माझ्या पोराला."

मागं एकच गलका झाला, "शिवला! शिवला!" कावळा कधी उतरला ते मी पाहिलंच नाही. आईचा अंगठा अजून माझ्या डोक्यावर होता. "बघा," नाना सगळ्यांना सांगत होते, "केस निघालं आन् लगीच शिवला!" त्यांचं बोलणं सगळ्यांना पटलं. आजही गावात ते तसंच सांगितलं जातं.

घरी आल्यावर आईनं माणसांची वर्दळ संपू दिली. मग स्वयंपाकघरात मला एकट्याला गाठून तिनं विचारलं, "कवा गोंदलंस?"

मी सांगितलं.

"त्यांना कळलं व्हतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो. पण ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. आप्पांसाठी रडत होती तशी नव्हे, निराळीच, चिडून. "मला तरी सांगायचं व्हतंस की रं. ते नुसतं बसायचं. तेल आटवत व्हते मी. चुलीम्होरं बसून डोळं गेलं माझं. त्यांच्याबरूबर मला बी येडी केलीस." आप्पांना हसं होण्यापासून वाचवलं म्हणून मी मनात कुठंतरी स्वतःवर खूश होतो. आईकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. मी अजून गावातच होतो. सोमवारी सकाळी नाना आले. ओट्यावर पायरीशी बसले, आप्पा असताना बसायचे तिथंच. हातात धुतलेली रिकामी बाटली. तासलेल्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी आत हाक मारली, "वैनी, आता रान नांगरल्यावानी झालंय बघा. आता धरंल तेल. ऱ्हायलं आसंल तर द्या थोडं."

आई चुलीपुढून उठली नाही. मला म्हणाली, "मी देणार न्हाई आन् खोटं बी बोलणार न्हाई. एकदा बोलले. तू जा."

मी बाहेर आलो आणि नानांच्या शेजारी पायरीवर बसलो. आप्पा होते तोवर ठीक होतं, पण या माणसाला आता उरलेलं सगळं आयुष्य डोकं चोळत बसवायचं, हे मला बघवेना. मी मान वाकवली. "नाना, हात लावून बघा." त्यांनी लावला. बोटांनी चाचपलं, कपाळापासून मागपर्यंत. "गुळगुळीत हाय," ते म्हणाले, "तासल्यालं हाय म्हनून." मी म्हटलं, "आधीही गुळगुळीतच होतं. केस आलेच नव्हते नाना. ही शाई आहे, पुण्याला जाऊन गोंदून घेतली. तेलानं काही झालेलं नाही." आणखीही काही बोललो, डॉक्टर काय म्हणाले वगैरे. नानांचा हात माझ्या डोक्यावरून खाली आला.

"आप्पाला ठावं व्हतं?"

"नाही."

"शेवटपातूर?"

"शेवटपर्यंत नाही."

नानांनी बाटलीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "त्याला नीट जाऊ दिलंस," ते म्हणाले. "मग मला कशाला सांगितलंस, लेका?"